बिरदेवरावांना काय ऐकवायचं?

बारामतीच्या फळबाजारात महंमद बागवानांची ओळख सांगायची तर लोक दोन गोष्टी सांगत. एक, पेरूचं क्रेट नुसतं उचलून हा माणूस खालच्या थरात काय दडलंय ते सांगतो. दुसरी, ह्यांच्या घरी माडीवर गाणं ऐकायची वेगळी खोली आहे आणि तिथं गप्पा मारायला मनाई आहे. साठी उलटल्यावर त्यांनी गाळा मुलाच्या, अफजलच्या हातात दिला, तशी पहिली ओळख मागं पडली. दुसरी वाढतच गेली.

ती खोली काही एका दिवसात उभी राहिली नव्हती. टर्नटेबल पुण्याच्या जुन्या बाजारातून आलं. अ‍ॅम्प्लिफायर एका निवृत्त इंजिनियरनं लेकीकडं परदेशी जाताना दिला, आणि देताना त्याचे डोळे पाणावले होते. स्पीकरची खोकी लासुर्ण्याच्या सुतारानं जुन्या सागवानी दारांच्या फळ्यांतून करून दिली. कमरेएवढी उंच, बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही अशी. रेकॉर्डी हजाराच्या वर. दर रविवारी सकाळी दहाला तिथं चार-पाच माणसं जमत. एक निवृत्त हेडमास्तर, एक दातांचे डॉक्टर, एक इंजिन ऑइलचे डीलर आणि त्यांच्याबरोबर कोणी आलं तर आलं.

महंमदभाईंना ऐकण्याइतकंच निवडण्याचं वेड होतं. गुरुवारपासून त्यांच्या डोक्यात घोळायला लागायचं. आधी काय लावायचं, त्याच्या पाठोपाठ काय शोभेल, कुठं थांबायचं. दावतीत आधी काय वाढायचं आणि शेवटी काय, ह्याचा विचार घरची बाई करते तसा. कुठल्या रेकॉर्डीत कुठल्या मिनिटाला मजा आहे ते त्यांना पाठ होतं, आणि सुई ते बरोबर तिथंच ठेवत. दोन तास संपले की डॉक्टर म्हणायचे, "चाचा, निवड करावी तर तुम्हीच!" त्या एका वाक्यावर महंमदभाईंचा पुढचा आठवडा निघायचा.

दिवाळी झाल्यावरच्या अशाच एका रविवारी शेळगावचे बिरदेवराव दारात आले. त्यांचा दोन एकर पेरू, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं तो महंमदभाईंच्या गाळ्यावरच यायचा. त्याआधी ते साखर कारखान्यात टर्बाईनवर एकतीस वर्षं नोकरीला होते. सरळ माणूस. बोलणं अगदी कमी. काही विचारलं की मान हलवायचे, काही सांगितलं की मान हलवायचे. व्यापाऱ्याशी घासाघीस न करणारा असा शेतकरी महंमदभाईंनी दुसरा पाहिला नव्हता, आणि त्यांना त्याचं मनापासून कौतुक होतं.

बागेतला पहिला तोडा महंमदभाईंच्या बायकोसाठी, वहिदाभाभींसाठी म्हणून बिरदेवराव पिशवी घेऊन आले होते. वहिदा त्यांना तशी सोडणार होती थोडीच.

"बिरदेवभाऊ, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाय. वर बसा जावा, गाणं चाललंय."

बिरदेवरावांनी मान हलवली आणि ते वर गेले.

त्या दिवशी सारंगी होती. महंमदभाईंनी आठवडाभर जपून ठेवलेली. सुई टेकली आणि खोलीतले सगळे जागच्या जागी विरघळले. हेडमास्तरांनी डोळे मिटले. डॉक्टरांच्या तोंडून "आहाहा" निघालं. बिरदेवराव भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर हात, नजर जमिनीकडं.

रेकॉर्ड संपली. यजमान म्हणून महंमदभाईंनी पाहुण्याला मान दिला. "कसं वाटलं, बिरदेवराव?"

बिरदेवरावांनी मान हलवली. महंमदभाईंनी हसून पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं. आता सगळे त्यांच्याकडंच बघत होते, तेव्हा ते बोलले. "खरं सांगू का? मुंग्या भिताडावर चढाव्यात, तसं कायतरी वाटलं. बाकी काय न्हाय."

ऑइलचे डीलर खो खो हसले. डॉक्टरही हसले. महंमदभाईंनाही हसू आलं, आणि ते पुरतं ओठांवर यायच्या आत थांबलं. कारण बिरदेवरावांनी खिशातून रुमाल काढला होता आणि कानामागचं कसलंसं यंत्र काढून ते त्यात गुंडाळत होते.

"ह्ये काय हो?"

"कानाचं मशीन. लेकीनं आणून दिलं गेल्या साली. गाणं लागलं की शिट्टीच मारतंय." ते उठले. "टर्बाईननं खाल्ले कान. बारीक आवाज काय कळत न्हाय मला. माणूस बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते न्हाय. मग मान हलवायची. सवय झाली. येतो, म्हमदभाई."

चहा न घेताच ते गेले.

ह्या पंधरा-सोळा वर्षांत महंमदभाईंनी त्यांना किती गोष्टी सांगितल्या असतील! भाव का पडला, पुण्याला माल का अडला, अफजलचं लग्न कसं ठरलं, स्वतःच्या छातीत कळ आली तेव्हा काय वाटलं. दर वेळी समोरून मान हललेली. आपण त्याला समजूतदारपणा समजत आलो. त्या माणसाला बिचाऱ्याला अर्धं कळलंच नव्हतं, आणि आपणही कधी नीट बघितलं नव्हतं.

दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. मंगळवारी ते रेकॉर्डींसमोर बसून एकेक उपसत होते. वहिदानं विचारलं, "आज मंगळवार. आजपास्नंच?"

"बिरदेवरावांना बोलावतोय उद्या. एकट्यालाच. त्यांना आवडंल असं कायतरी काढतोय."

वहिदा शेजारी बसली. चाळीस वर्षं ती प्राथमिक शाळेत शिकवत होती. पहिलीच्या पोराला अक्षर का येत नाही ते आधी शोधायचं आणि मग शिकवायचं, ही तिची रीत. "तुमी तुमाला आवडतं तेच काढताय," ती म्हणाली. "आवडायचं मागनं बघू. त्यांना ऐकू काय येतं ते आधी विचारा की. मी वही घेऊन बसते."

बुधवारी बाजार आटोपून बिरदेवराव आले. अफजलनं निरोप दिला होता, पण कशासाठी ते सांगितलं नव्हतं. वर येऊन पाहतात तर खोलीत दुसरं कोणी नाही. एक लाकडी खुर्ची स्पीकरच्या अगदी पुढ्यात मांडलेली, आणि वहिदाभाभी चष्मा लावून, वहीत दोन रकाने आखून तयार.

"ह्यो काय पेपर हाय काय माझा?" ते म्हणाले.

"आमचाच हाय," वहिदा त्यांच्या तोंडासमोर येऊन, शब्द सुटे सुटे करत म्हणाली. "तुमी नुसतं व्हय न्हाय तर न्हाय म्हणायचं. मान हलवायची न्हाय!"

बिरदेवराव पहिल्यांदा हसले.

बासरी लावली. न्हाय. सनई लावली. "कुणीतरी लांब भांडतंय." न्हायच्या रकान्यात. बाईच्या आवाजातलं एक गाणं लावलं, महंमदभाईंच्या अत्यंत आवडीचं. बिरदेवरावांनी बराच वेळ प्रयत्न केला. "भिताडाच्या पल्याड बाई गातीया. दुख हाय तिला कायतरी. शब्द न्हाय कळत." वहिदानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. सतार न्हाय. तबल्यातला उजवा न्हाय, डावा व्हय. पखवाज लावला तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर आपसूक चालायला लागली, आणि ती नुसती चालत नव्हती, तर बरोबर समेवर येत होती.

महंमदभाई चमकले. "तुमी वाजवता?"

"वाजवत हुतो. ढोल. आमच्या बिरोबाच्या म्होरं गजीचा नाच खेळत्यात, त्येचा."

आता महंमदभाईंना दिशा मिळाली. ते खाली वाकून अगदी तळाच्या फळीवरच्या रेकॉर्डी काढायला लागले. तिथं रुद्रवीणेची एक रेकॉर्ड होती. वीस वर्षांपूर्वी घेतलेली. रविवारच्या मंडळींना ती दोनदाच ऐकवली होती, तीही शेवटची सात मिनिटं. आधीची आलापी फार लांबलचक, लोक चुळबुळ करतात, म्हणून सुई थेट शेवटावर. आज त्यांनी ती पहिल्या रेघेवर ठेवली.

अ‍ॅम्प्लिफायरवर खर्ज कमी-जास्त करायचं एक बटण होतं. महंमदभाईंनी त्याला आयुष्यात हात लावला नव्हता; बनवणाऱ्यानं जसा आवाज दिला त्यात आपण ढवळाढवळ करायची नाही, असा त्यांचा बाणा. डॉक्टरांशी त्यावरून त्यांचे वाद झाले होते. आज त्यांनी ते बटण निम्म्याहून पुढं फिरवलं.

खोलीत एक स्वर उमटला. खोल, विहिरीच्या तळातून वर यावा तसा. मग बराच वेळ काही नाही. मग त्याच्याहीखालचा.

बिरदेवरावांनी हात पुढं केला आणि सागवानी खोक्यावर तळवा ठेवला. मान खाली, डोळे मिटलेले. वहिदानं पेन खाली ठेवलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कोणी हललं नाही. ह्या आलापीत एवढं काही आहे हे महंमदभाईंना ठाऊकच नव्हतं. एकेक स्वर जागेवर बसायला किती वेळ घेत होता, आणि बसला की कसा भरून राहत होता. वीस वर्षं ही रेकॉर्ड आपल्या घरात होती आणि आपण तिचं शेपूट तेवढं ऐकत होतो.

बाजू संपली. बिरदेवरावांनी भरून आलेले डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"ह्यो माणूस हाय का वाद्य?"

"वाद्य हाय."

"आमचा आबा अशीच ओवी धरायचा. शब्द न्हाय, आधी नुसता हुंकार. रानात बसला की मेंढरंसुदीक चरायची थांबायची." मग ते म्हणाले, "पुन्यांदा लावता?"

महंमदभाईंनी पुन्हा लावली.

त्यानंतर बुधवार हा बिरदेवरावांचा वार ठरून गेला. बाजार झाला की ते यायचे, तास-दीड तास बसायचे. महंमदभाईंची निवड आता वेगळीच चालायची. एका लिलावात गठ्ठ्यानं घेतलेल्या परदेशी रेकॉर्डी पोत्यात पडून होत्या. मोठ्या व्हायोलिनसारखं काहीतरी पायांत धरून वाजवणाऱ्या माणसाचं चित्र असलेली एक त्यातून निघाली, आणि ती दोघांनाही इतकी आवडली की तिचं नाव त्यांनी 'म्हैस' ठेवलं. "आज म्हैस लावा," असं बिरदेवराव म्हणायचे. धिम्या चालीची भजनं निघाली, जाड गळ्याच्या गवयांच्या बैठका निघाल्या. ज्या रेकॉर्डी रविवारी कोणी मागितल्या नव्हत्या, त्या सगळ्या बुधवारी बाहेर आल्या. एका रविवारी डॉक्टरांचं लक्ष त्या फिरलेल्या बटणाकडं गेलं. "चाचा, हे काय? तुम्ही?"

"राहू द्या तसंच," महंमदभाई म्हणाले. "मला आता असंच गोड लागतंय."

वहिदाची वही भरत चालली होती. ती पहिल्यांदा नीट वाचली सबिनानं, अफजलच्या बायकोनं. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. जेवणं झाल्यावर ती वही चाळत बसली आणि मग म्हणाली, "अम्मी, हे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय, पण कानाच्या तपासणीत जे करतात ना, तेच केलंय जवळजवळ. त्यांचं मशीन बोलणं ऐकायला लावून दिलेलं असतं. गाण्यासाठी ते वेगळं लावता येतं, असं वाचलंय मी. त्यांना ही वही घेऊन कुठं तपासायला नेऊ या का?"

कानांची तपासणी करणाऱ्या एक बाई गावातच होत्या. महंमदभाई आणि सबिना बिरदेवरावांना घेऊन गेले. बाईंनी आधी वही पाहिली, मग चष्मा वर करून पुन्हा पाहिली. "'कुणीतरी लांब भांडतंय'... मला असं लिहून कुणीच देत नाही," त्या म्हणाल्या. मग बिरदेवरावांना काचेच्या खोलीत बसवून तासभर तपासलं. बाहेर आल्यावर त्या भराभर समजावून सांगू लागल्या. बिरदेवरावांची मान हलायला लागली, आणि मध्येच थांबली.

"न्हाय कळलं, बाई," ते म्हणाले. "परत सांगा. हळू."

बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि हळू सांगितलं. वरचे बारीक सूर गेले ते गेले, ते कुठल्याही मशीननं परत येणार नाहीत. पण जे शिल्लक आहेत त्यांच्यात हे मशीन बोलण्यासाठी म्हणून जी काटछाट करतं, ती गाण्यापुरती बंद करता येईल. मशीनवर एक बटण आहे; ते दाबलं की गाण्याचं, पुन्हा दाबलं की बोलण्याचं.

महंमदभाई हिरमुसले. त्यांना वाटलं होतं, बासरी ऐकू येईल, सारंगी ऐकू येईल, सगळं काही. परतताना बिरदेवरावच त्यांना म्हणाले, "तोंड का पाडलं? शिट्टी बंद झाली की! आन् बाईंनी बासरी लावून बघितली, तिचं खालचं सूर जरा येत्यात बघा आता. जरा. लई झालं."

त्या बुधवारी महंमदभाईंनी विचारलं, "बिरदेवराव, आतापतुर मीच निवडत आलो. तुमच्या मनातलं काय हाय? सांगा, कुठूनबी मिळवतो."

"आमची ओवी," बिरदेवराव म्हणाले. "पन ती कुठं रेकॉर्डवर असती? आमच्या माळावर बिरोबा हाय. जत्रंला ढोल बसत्यात, ओवी म्हणत्यात. आठ वर्सं झाली, मी जात न्हाय. झांज ऐकू येईना, ओवीचा शब्द कळंना. एकदा दोनदा ढोल चुकला माझा. पोरं काय बोलली न्हाईत, पर मी शिकिवलेली पोरं ती. त्यांच्याम्होरं चुकायचं? मग बसलो घरी. आता इसरली असतील मला."

पुढच्या रविवारी बैठकीची मंडळी आली तेव्हा माडीला कुलूप होतं. महंमदभाई आणि वहिदा सकाळीच शेळगावला गेले होते. अफजलनं पुण्याहून एक चांगला मायक्रोफोन मागवून दिला होता. जत्रा महिन्यावर आली होती आणि माळावर सराव चाललेला असतो, हे महंमदभाईंनी काढून घेतलं होतं. बिरदेवरावांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते बागेत होते. त्यांची बायको रतन मात्र ठाऊक असून गप्प होती, आणि देवळापर्यंत वाट दाखवायला तीच आली.

ढोलांचा म्होरक्या होता बिरदेवरावांचा पुतण्या युवराज, चाळिशीचा, दुधाचा टँकर चालवणारा उमदा गडी. रेकॉर्डिंग म्हटल्यावर तो खूश झाला. "कुठं लावायचं हाय, चाचा?"

"माझ्या घरी. तुमच्या चुलत्यांसाठी."

युवराजचा चेहरा बदलला. "तात्या ऐकतील?"

"का न्हाय ऐकायचं?"

"तात्या रुसल्यात आमच्यावर. आठ वर्सं झाली. काय चुकलं ते बी सांगितलं न्हाय." तो ढोलाची दोरी ताणत राहिला. "ऱ्हाऊ द्या. आमी आमचं करतो. तुमी ऐका."

महंमदभाईंनी मायक्रोफोन लावला, कानाला हेडफोन चढवला. ओवी सुरू झाली. आधी हुंकार, मग शब्द:

*पहिलं नमन माझ्या माळाच्या बिरोबाला,*
*दुसरं नमन मेंढरांच्या वाटंला,*
*तिसरं नमन बिरदेवतात्याला,*
*ज्येनं हातात दिला ढोल आमाला.*

महंमदभाईंनी हेडफोनवर दोन्ही हात दाबून धरले. ओवी संपली, ढोल थांबले, तेव्हा ते युवराजजवळ गेले. "ह्ये नाव आज घातलं?"

"आज कशाला? ते यायचे थांबले त्या सालापास्नं. दर जत्रंला घेतो. भोंग्याचं तोंडच त्यांच्या वस्तीकडं करतो आमी. घरात बसून ऐकत असतील म्हणून."

रतन देवळाच्या पायरीवर बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला. "मला वाटायचं, ह्यांना ऐकू जातंय आन् राग म्हणून गप बसत्यात," ती वहिदाला म्हणाली. "एकदा म्हणलं, पोरं नाव घेत्यात, जावा की. तर मान हलवली आन् उठून बागंत गेले. मी बी मग इषय काढला न्हाय. भाभी, ह्यो माणूस बहिरा हाय ह्येच मला लेकीनं मशीन आणलं तवा कळलं. तोवर नुसता तिरसट हाय असं समजत हुते मी."

वहिदानं तिचा हात हातात घेतला.

परतीच्या वाटेवर महंमदभाईंनी गाडी दोनदा चुकीच्या वळणावर घातली. हे बिरदेवरावांना आधी सांगायचं की नाही? सांगितलं तर धक्का कमी बसेल. न सांगता लावलं आणि त्यांना शब्दच कळले नाहीत तर? वहिदा म्हणाली, "आधी सांगितलं तर ते तुमच्या तोंडचं होईल. पोरांनी म्हणलंय, पोरांच्या तोंडनं ऐकू द्या. तुमी फक्त आवाज नीट लावा."

मग सोमवार आणि मंगळवार महंमदभाई त्या एका ओवीवर बसून होते. झांजा कमी केल्या, गळा पुढं आणला, वरचं जरा खाली ओढलं, खर्ज सैल सोडला. बनवणाऱ्याच्या आवाजात ढवळाढवळ न करणारा माणूस! सबिनाला त्यांनी कानात कापसाचे बोळे घालून समोर बसवलं आणि शब्द कळतात का ते दहा वेळा विचारलं. तिसऱ्या ओळीला ती हो म्हणाली तेव्हा कुठं ते जेवायला उठले.

बुधवारी रतनही आली होती. लेकीकडं जायचंय असं बिरदेवरावांना सांगून ती बरोबर निघाली आणि बारामतीत आल्यावर म्हणाली, चला, तुमची ती खोली तरी बघू. बिरदेवराव नेहमीच्या खुर्चीत बसले. कानामागचं बटण त्यांनी दाबलं.

"म्हैस?" त्यांनी विचारलं.

"आज दुसरं हाय," महंमदभाई म्हणाले, आणि एवढंच बोलून त्यांनी लावलं.

हुंकार आला. बिरदेवरावांची पाठ ताठ झाली. माळावरचा ढोल आणि माडीवरची खोली ह्यांचा मेळ त्यांना लागेना. ते स्पीकरकडं बघू लागले, मग महंमदभाईंकडं. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. ओठ त्यांचेही हलत होते, ओवी त्यांना पाठच होती. पण तिसरी ओळ त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांचे ओठ थांबले.

"परत," ते म्हणाले.

महंमदभाईंनी मागं घेऊन परत लावलं.

"परत."

तिसऱ्या वेळी ते खुर्चीतून उतरले आणि स्पीकरच्या पुढ्यात जमिनीवर बसले. कान अगदी खोक्याजवळ नेला. ओळ आली. ते वळले ते रतनकडं. "माझं नाव घेतलं का गं?"

"व्हय," रतन म्हणाली. "आठ वर्सं घेत्यात."

साठीच्या पुढचा तो दांडगा माणूस तिथं जमिनीवर बसून लेकरासारखा रडला. रतनही रडली. वहिदानं महंमदभाईंच्या दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं. आत ओवी चालूच राहिली. ढोल चढत गेले, आणि थोड्या वेळानं लाकडावर थाप पडायला लागली. खुर्चीच्या बैठकीवर बिरदेवराव ठेका धरत होते.

"तुमची खुर्ची फोडतील," वहिदा डोळे पुसत म्हणाली.

"फोडू दे," महंमदभाई म्हणाले.

जत्रेला बागवानांचं सगळं घर शेळगावला गेलं. भंडाऱ्यानं माळ पिवळाधमक झालेला. बिरदेवरावांनी गळ्यात ढोल अडकवला तेव्हा युवराज त्यांच्या समोर, अगदी दोन पावलांवर उभा राहिला. झांज कुठं पडते ते तात्यांना हाताच्या हालचालीवरून दिसावं म्हणून. कानांचं रतननं सांगितलं होतं, पण असं उभं राहायला कोणी शिकवलं नव्हतं. पोरांनी आपापसांत ठरवलं होतं. तात्यांचा ढोल एकदा मागं पडला, तर पस्तीस ढोल त्यांच्यासाठी सावकाश झाले आणि त्यांना घेऊन पुढं निघाले.

महंमदभाई गर्दीत उभे होते. त्यांना आपल्या भल्या-बुऱ्या सगळ्या आयुष्याबद्दल एकदम आभार मानावेसे वाटले. त्या परदेशी गेलेल्या इंजिनियरचे, लासुर्ण्याच्या सुताराचे, समोर दिसेल तेच लिहिणाऱ्या वहिदाचे. आणि ह्या माणसाचे, ज्यानं भर बैठकीत मुंग्यांची गोष्ट खरी सांगितली. खोटं "वाहवा" म्हणाला असता तर आज ते इथं नसते. खेळ थांबल्यावर त्यांनी बिरदेवरावांना गाठलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. शेवटी एवढंच म्हणाले, "तुमच्यामुळं मी ऐकायला शिकलो, बिरदेवराव."

"आन् तुमच्यामुळं मी घरी आलो," बिरदेवराव म्हणाले.

निघताना रतननं गाडीत एक घोंगडी ठेवली. जाड, काळी, घरच्या लोकरीची, माडीच्या खोलीत अंथरायला. "नुसत्या फरशीवर बसता तुमी," ती म्हणाली. "आन् लोकर टाकली की आवाज बी घुमत न्हाय, ह्ये म्हणत हुते."

ते अगदी खरं होतं. रविवारी घोंगडी अंथरली आणि खोलीतला आवाज असा काही बसला की डॉक्टरांनी आत आल्या आल्या विचारलं, काय केलंत? महंमदभाईंनी आदल्या तीन दिवसांत नेहमीसारखी यादी केली होती. पहिली रेकॉर्ड टर्नटेबलवर चढवलेलीही होती. पण त्यांनी सुई उचलली नाही. "बसा," ते म्हणाले, "आधी एक गोष्ट ऐका," आणि पेरूच्या पिशवीपासून सुरुवात केली. बारा वाजले तरी गोष्ट चाललीच होती. हसणाऱ्यांत आपणही होतो हे आठवून ऑइलचे डीलर खाली मान घालून बसले होते. वहिदानं चहा आणला, तो घेत ते म्हणाले, "भाभी, बुधवारी मीही आलो तर चालेल का?"

"बिरदेवभाऊंना इचारा," वहिदा म्हणाली. "वार त्यांचा हाय."